तिकिटं बंद करणारं हॉस्पिटल

अप्रेझलचा सीझन आला की आमच्याकडे एक स्लाइड हमखास असते. सपोर्ट टीमने वर्षभरात किती तिकिटं बंद केली! गेल्या वर्षीपेक्षा दीडपट! टाळ्या, केक, ग्रुप फोटो. मागच्या रांगेतला एखादा हळूच विचारतो, "पण मुळात एवढी तिकिटं आलीच का?" त्याला उत्तर मिळत नाही. (तो बहुतेक पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीत असतो :) )

हे आठवायचं कारण म्हणजे मला सध्या हॉस्पिटलांचे वार्षिक अहवाल वाचायचा नाद लागलाय. त्यातही मिशनची, चर्चची, जिथे डॉक्टर आणि नर्स शिकवले जातात अशी हॉस्पिटलं. या अहवालांची भाषा थेट आमच्या त्या स्लाइडसारखी असते. "वाढीचं आणि बदलाचं वर्ष." इतक्या खाटा वाढल्या, नवीन एमआरआय आलं, पीजीच्या इतक्या जागा मिळाल्या, ओपीडीत अमुक टक्के वाढ. ओपीडीत वाढ म्हणजे जास्त लोक आजारी पडले की जास्त लोकांचा विश्वास बसला, हे त्या आकड्यावरून कधीच कळत नाही. तरी तो आकडा पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत.

आता तुम्ही म्हणाल, सॉफ्टवेअरवाल्याने यात नाक कशाला खुपसायचं? तर माझं आजोळ शनिशिंगणापूरच्या पट्ट्यातलं, सोनईच्या बाजूला. तिथे 'पेशंट सिरियस आहे' या वाक्यानंतर लगेच दुसरं वाक्य येतं, "मग नगरला नेता का लोणीला?" लोणी म्हणजे प्रवरेचं मेडिकल कॉलेज, १९८४ पासूनचं. नगर म्हणजे शहरातली खाजगी हॉस्पिटलं किंवा विळद घाटातलं कॉलेज. कोणाची ऐपत असली तर पुणे. माझ्या सगळ्या मामा-मावश्यांच्या आयुष्यात आरोग्य म्हणजे 'कुठेतरी नेणं'. ते आपल्याकडे चालत येऊ शकतं, हे त्या पट्ट्यात कोणाच्या डोक्यातच नाही. गंमत म्हणजे, ही कल्पना जगाला ज्यांनी दाखवली त्यांनी सुरुवातीची वर्षं याच पट्ट्यात काढली होती. त्यांच्याकडे येतोच. आधी थोडं बंगलोर.

आपल्या देशातलं कॅथलिक टीचिंग हॉस्पिटल म्हटलं की पहिलं नाव येतं बंगलोरच्या सेंट जॉन्सचं. त्याच्या मुळाशी आहे एक ऑस्ट्रेलियन बाई, मेरी ग्लॉवरी. शिकलेली डॉक्टर, मग नन झाली आणि १९२० साली आंध्रातल्या गुंटूरला आली. त्या काळी नन लोकांनी वैद्यकी करणं चर्चच्या नियमांत बसत नव्हतं. बाळंतपण आणि शस्त्रक्रिया तर अजिबात नाही. तिला पोपकडून खास परवानगी मिळाली होती. सगळ्या नन्ससाठी ही वाट मोकळी व्हायला १९३६ साल उजाडावं लागलं. १९४३ मध्ये तिने कॅथलिक हॉस्पिटलांची देशव्यापी संघटना उभी केली, आणि तिचा एक हट्ट होता: आपलं स्वतःचं मेडिकल कॉलेज हवं. ती १९५७ मध्ये गेली, कॉलेज निघालं १९६३ मध्ये.

मला यातली महत्त्वाची गोष्ट ही वाटते की हे कॉलेज बंगलोरसाठी काढलेलं नव्हतं. देशभर आडगावांत नन्स छोटे दवाखाने चालवत होत्या, तिथे शिकलेले हात पाठवायचे म्हणून ते काढलं. सुरुवातीला तर त्यांचं स्वतःचं हॉस्पिटलही नव्हतं, पोरं सेंट मार्थाजमध्ये जाऊन शिकायची. स्वतःचं हॉस्पिटल आलं १९७५ मध्ये. आज तिथे हजाराच्या वर खाटा आहेत, सुपरस्पेशालिटी आहे, संशोधन आहे आणि कोरमंगलाच्या आयटीवाल्यांची रांगही आहे. (आमच्या बंगलोर ऑफिसातली अर्धी जनता तिथेच जाते.) आणि तरीसुद्धा पदवीनंतर ग्रामीण किंवा दुर्लक्षित भागात जाऊन काम करायचा करार तिथल्या विद्यार्थ्यांकडून घेतला जातो. म्हणजे मूळ हेतू पुसला गेलेला नाही. पण एवढ्या पसाऱ्यात तो अहवालाच्या कितव्या पानावर यावा, हा प्रश्न उरतोच. 'यंदा किती पोरं कुठल्या खेड्यात गेली आणि किती तिथे टिकली' हा आकडा खरं तर पहिल्या पानावर हवा. एमआरआय नंतर.

असो. आता आपल्या नगर जिल्ह्यात येऊ.

शिंगणापूरहून घोडेगावला आलात, की कांद्याच्या लिलावासाठी प्रसिद्ध असलेल्या त्या गावातून संभाजीनगरच्या दिशेने थोडं पुढे वडाळा बहिरोबा लागतं. तिथे अमेरिकन मराठी मिशनचं जुनं ठाणं. हे प्रोटेस्टंट लोक, कॅथलिक नव्हेत, पण आपल्या मुद्द्याला त्याने फरक पडत नाही. १९६० च्या दशकात वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात एक तरुण जोडपं काम करत होतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेले. रजनीकांत तर इथलेच, जन्म सुप्याचा.

वडाळ्यात त्यांनी जे पाहिलं ते मला आमच्या सपोर्ट टीमपेक्षा वेगळं वाटत नाही. ओपीडी भरलेली, हॉस्पिटल वाढतंय, सगळे खूश. पण जुलाबाचं पोर बरं होऊन घरी जायचं, तेच पाणी प्यायचं आणि महिन्याभरात परत यायचं. नाहीतर त्याचा भाऊ यायचा. किंवा कोणीच यायचं नाही, आणि हे सगळ्यात वाईट, कारण न आलेल्या पेशंटची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये होत नाही. हॉस्पिटल दरवर्षी मोठं होत होतं आणि भोवतालच्या गावांतलं आजारपण होतं तिथेच होतं. येणाऱ्यांतले बहुतेक आजार मुळात टाळता येण्यासारखे होते, हे त्यांच्या लक्षात आलं.

इथे बहुतेक डॉक्टर काय करतील? आणखी एक वॉर्ड बांधतील. हे दोघं अमेरिकेला गेले, तिथे पुढचं शिकले, जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला आणि १९७० मध्ये परतले ते थेट जामखेडला. जामखेड म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक, बीडच्या हद्दीला लागलेलं. दुष्काळी, रस्ते नाहीत, वीज जेमतेम. जागा मिळाली ती गुरांच्या जुन्या, बंद पडलेल्या दवाखान्याची.

जामखेडची पहिली दोन-तीन वर्षं मला फार आवडतात, कारण त्या वर्षांचा अहवाल आजच्या भाषेत लिहायला गेलो तर तो अपयशाचाच वाटेल. १९७१ ते ७३ चा दुष्काळ म्हणजे आपल्या आजी-आजोबांच्या आठवणीतला तो खडी फोडायचा, सुकडीचा दुष्काळ. गावांत गेल्यावर लोक म्हणाले, डॉक्टर, औषध राहू द्या, पाण्याचं बघा. मग मेडिकलचं शिक्षण घेतलेल्या माणसाने बोअर मारायला मशीन आणलं. त्यातही एक चलाखी अशी, की बोअरच्या जागा शक्यतो दलित वस्तीत निघतील असं पाहिलं. कारण वरच्या आळीत पंप बसला असता तर खालच्या आळीला पाणी मिळालं नसतं. खालच्या आळीत बसला तर तहानलेला पाटीलही तिथे येणार. आला! संध्याकाळी आरोळे गावातल्या पोरांबरोबर व्हॉलीबॉल खेळायचे, कारण त्या निमित्ताने सगळ्या जातींची पोरं एका जागी यायची. त्यातूनच पुढे शेतकऱ्यांची मंडळं उभी राहिली. यातलं काय ओपीडीच्या रजिस्टरमध्ये चढवणार, सांगा.

मग खरा बदल. पहिली योजना अशी होती की शिकलेल्या नर्स गावागावात राहायला पाठवायच्या. कागदावर एकदम बरोबर. पण प्रत्यक्षात जमेना. बाहेरून आलेली एकटी तरुण मुलगी, राहायला धड जागा नाही, लोकांचे टोमणे, सुरक्षिततेची काळजी, आणि गावातल्या बायका तिला मनातलं काही सांगेनात. मग गावाकडूनच सूचना आली की आमच्यातलीच एखादी बाई घ्या ना. अशा बायका निवडल्या गेल्या. बऱ्याचशा निरक्षर, बऱ्याचशा दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. गावाने ज्यांना कधी 'बस' म्हटलं नव्हतं, त्या आता गावाच्या आरोग्यसेविका झाल्या.

त्यांचं शिक्षण कसं चालायचं हे आमच्या ट्रेनिंग डिपार्टमेंटला दाखवावंसं वाटतं. दर आठवड्याला जामखेडला यायचं, मुक्काम करायचा, शिकायचं, परत गावात जाऊन तेच करायचं आणि पुढच्या आठवड्यात काय झालं ते सांगायचं. सर्टिफिकेट देऊन मोकळं व्हायचं, असा प्रकार नाही. एक लहानसा तुकडा शिका, गावात वापरा, अडलं तर परत या, असं वर्षानुवर्षं. रात्री सगळ्या जातींच्या बायका एकाच भल्यामोठ्या शिवलेल्या गोधडीखाली झोपायच्या. मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं, बाळाचं वजन कसं घ्यायचं, पहिलं चिकाचं दूध का टाकायचं नाही, नाळ कापायला स्वच्छ ब्लेड का हवं, कातडीवरचा बधिर चट्टा म्हणजे काय, खोकला कधी साधा नसतो... सगळं तोंडी, गाण्यांतून, गोष्टींतून, वारंवार.

निकाल? प्रकल्पाच्या स्वतःच्या नोंदीप्रमाणे १९७० च्या सुमारास त्या गावांत जन्मणाऱ्या दर हजार बाळांमागे १७६ बाळं पहिल्या वर्षात दगावत होती. १९९० च्या दशकात हा आकडा विशीच्या आसपास आला. म्हणजे आधी सहातलं एक बाळ जात होतं, नंतर पन्नासातलं एक. यात मी स्वतःच्या डोक्याने एक वजाबाकी करतो, की यातलं पावसाचं किती, रस्त्यांचं किती, सरकारी लसीकरणाचं किती, आणि जामखेडचं किती? सगळं श्रेय एका संस्थेला देणं इंजिनियरला पटत नाही. पण अर्धं दिलं तरी तो आकडा कुठल्याही एमआरआयपेक्षा मोठा आहे.

बाहेरच्या जगाला हे लवकर कळलं. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या अशा प्रयोगांवर एक पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर प्रकरण आहे. १९७८ च्या आल्मा-आटा परिषदेत 'सर्वांसाठी आरोग्य' ही घोषणा झाली तेव्हा समोर असलेल्या उदाहरणांत जामखेड होतं. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार, पुढे पद्मभूषण. नंतर तिथे प्रशिक्षण संस्थाच निघाली आणि देशोदेशीचे डॉक्टर जामखेडला शिकायला येऊ लागले. आणि त्यांना शिकवायला कोण? याच बायका. त्यांच्यातल्या मुक्ताबाई पोळ १९८८ मध्ये वॉशिंग्टनला एका परिषदेत बोलल्या. सभागृहातले झगमगते दिवे दाखवून त्या म्हणाल्या की हे तुमचे डॉक्टर, सुंदर आणि महागडे. मग एक छोटा दिवा पेटवून दाखवला, की याच्यावरून दुसरा लावता येतो.

म्हणून माझ्या लेखी जामखेड हे जिल्ह्यातलं पहिलं खरं टीचिंग हॉस्पिटल. तिथे एमबीबीएसची एक जागा नाही, हे मला माहीत आहे. पण शिकवणाऱ्या हॉस्पिटलचं काम काय? आपल्याकडचं ज्ञान आपल्या भिंतीबाहेर, आपल्याशिवाय चालू शकेल असं करणं. शिंगणापूरच्या घरांना दारं नाहीत याचं कौतुक करायला लोक लांबून येतात. २०११ मध्ये तिथे कुलूप नसलेली बँकेची शाखाही उघडली. डॉक्टरी ज्ञानाच्या बाबतीत मात्र आपण कडी-कोयंड्यावर कडी-कोयंडा लावतो, आणि आरोळ्यांनी तो काढला तेव्हा वैद्यकीय जगातल्या अनेकांना तो आगाऊपणा वाटला. निरक्षर बाई बाळंतपण बघणार? बघितलंच की.

आता दुसरी बाजू. खाटा नकोत असं म्हणणारा माणूस एकतर कधी आजारी पडलेला नसतो, नाहीतर त्याच्या घराशेजारी मोठं हॉस्पिटल असतं. आडवं आलेलं मूल मीठ-साखरेच्या पाण्याने सुटत नाही. नगर-संभाजीनगर रस्त्यावर रात्री ट्रकखाली सापडलेल्याला व्हेंटिलेटर लागतो, घोणस चावली तर प्रतिविष आणि डायलिसिस लागतं. जामखेडलाही स्वतःचं हॉस्पिटल होतंच, आणि गावातल्या बाईच्या शब्दाला वजन होतं ते तिच्यामागे ते हॉस्पिटल उभं असल्यामुळे. ती चिठ्ठी देऊन पाठवायची आणि तिथे पेशंटला कोणी हिडीसफिडीस करत नसे. दोन्ही लागतं. माझी तक्रार इतकीच, की यातलं एकच अहवालात छापलं जातं.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. जामखेडची नक्कल जमली का? २००५ मध्ये सरकारने 'आशा' कार्यकर्ती आणली, त्या कल्पनेच्या पूर्वजांत जामखेड आहेच. पण आशाताईंचं झालं काय? दर कामामागे ठरलेला मोबदला, ढीगभर रजिस्टरं, मोबाइलवरची अॅप्स (हो, आमच्यासारख्यांनीच बनवलेली), प्रत्येक सर्वेक्षणाला पहिली हाक त्यांना. कोविडमध्ये तर त्यांनी घरोघर जाऊन जीव धोक्यात घातला आणि मानधनासाठी त्यांना संप करावा लागला. जामखेडच्या बाईला दर आठवड्याला कोणीतरी शिकवत होतं आणि तिचं ऐकत होतं. आशाताईला दर आठवड्याला कोणीतरी माहिती मागतं. ढाचा उचलला आणि शिकवणं तिथेच राहिलं.

आणि नुसता आकडा फुगवणं म्हणजे काय, याचा सगळ्यात वाईट नमुना दुर्दैवाने शिंगणापूरचाच आहे. जुलै २०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत देवस्थानातल्या गैरव्यवहाराच्या चौकशीबद्दल निवेदन केलं. त्यात देवस्थानच्या रुग्णालयाचाही उल्लेख होता. कागदावर ३२७ कर्मचारी, आणि तपासणीत प्रत्यक्ष सापडले चार डॉक्टर आणि नऊ कर्मचारी. कोणी काय केलं ते तपासात ठरेल, माझा तो विषय नाही. पण क्षणभर कल्पना करा, की या रुग्णालयाचा वार्षिक अहवाल निघाला असता तर मनुष्यबळाच्या तक्त्यात केवढी वाढ दिसली असती! ३२७ माणसांचं हॉस्पिटल घराशेजारी, आणि माझ्या आजोळची माणसं पेशंट घेऊन लोणीला निघालेली.

हे सगळं आत्ता लिहितोय कारण जिल्ह्यात आणखी एक शिकवणारं हॉस्पिटल येऊ घातलंय. ६ मे २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाची बैठक चौंडीला झाली. चौंडी म्हणजे अहिल्यादेवींचं जन्मगाव, आणि ते आहे जामखेड तालुक्यात. त्या बैठकीत अहिल्यानगर जिल्ह्यासाठी सरकारी मेडिकल कॉलेज मंजूर झालं, १०० विद्यार्थी आणि ४३० खाटा. आनंदाची गोष्ट आहे, यात वादच नाही. खाजगी कॉलेजची फी ऐकून गप्प बसलेली कितीतरी हुशार पोरं माझ्या ओळखीत आहेत, त्यांच्यासाठी तर नक्कीच.

पण मंजुरीच्या बातमीत जे आकडे होते ते सगळे तिकिटांचे. विद्यार्थी, खाटा, कोटी रुपये. मंत्रिमंडळ जिथे बसलं त्याच तालुक्यात अर्धशतक एक वेगळा अभ्यासक्रम चालत आलाय, त्याचा या शंभर पोरांच्या शिक्षणात कुठे मेळ घालायचा, याबद्दल मला त्या बातमीत ओळसुद्धा सापडली नाही. माझी मागणी अगदी साधी आहे, तिला इमारतही लागत नाही. पहिल्या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्याला एक गाव द्या. नेवासा, पाथर्डी, जामखेड, कर्जत, कुठलंही. पाच वर्षं तेच गाव. महिन्यातून दोन दिवस तिथे मुक्काम, एसटीने जायचं. तिथली आशाताई त्याची शिक्षिका, त्याच्या लॉगबुकवर तिची सही असल्याशिवाय परीक्षेला बसता येणार नाही, आणि शिकवण्याचे पैसे तिला मिळाले पाहिजेत, इतर प्राध्यापकांना मिळतात तसे, दर महिन्याला, तारखेला. आणि वर्षाच्या शेवटी कॉलेजच्या अहवालात पहिल्या पानावर त्या शंभर गावांची यादी छापा. कुठल्या गावात यंदा किती बाळं जन्मली, त्यातली किती वर्षाची झाली, आणि कोणाला लोणीला न्यावं लागलं नाही.